दाढेचा पुरावा

भाच्यानं शेतातल्या घराला नवी खोली काढली, तिच्या वास्तुशांतीच्या पंगतीत मी माझाच दात खडा समजून फेकून दिला.

दात म्हणजे कॅप. वरच्या सुळ्यालगतच्या दातावर बसवलेली, पांढरीशुभ्र, माझ्या बाकीच्या दातांना लाजवणारी. येसर आमटी भातावर घेऊन भुरकत होतो, घासात काहीतरी कडक लागलं. बोटानं काढलं, पाहिलं न पाहिलंसं केलं आणि पंगतीमागं भिरकावलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी पडलो मास्तर. शाळेत विज्ञान शिकवतो, आणि बायकोच्या मते सुट्टीतही शिकवतो. वाढायला आलेल्या भाच्याच्या बायकोला म्हणालो, "सूनबाई, डाळ निवडताना उजेडात बसत जा गं. केवढा खडा आला दाताखाली!"

पोरगी कानकोंडी झाली. "मामा, म्या सोता निवडलीय डाळ. उनात बसून."

शेजारच्या पानावर दाजी होते, म्हणजे भाच्याचे वडील, माझ्या अक्काचे यजमान. त्यांनी भाताचं आळं मोडता मोडता माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, खडा डाळीतला न्हवता. तुमच्या तोंडातच खिंडार पडलंय."

जीभ लावून बघितली. खिंडारच होतं. पंगत हसली, वाढपी हसले, चुलीपाशी बसलेला आचारीही हसला. पोरांनी पार कडब्याच्या गंजीपर्यंत शोधाशोध केली, पण कोंबड्यांनी आधीच तपास उरकला होता.

अक्काही हसली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं गाव येरमाळ्यापासून थोडं आत. आई लवकर गेली तेव्हा माझ्या शाळेच्या डब्यात भाकरी घालणारी हीच. हसताना तिनं पदर तोंडावर धरला होता. बायका धरतात तसा तो धरला नव्हता, एका बाजूलाच दाबून धरला होता. हसणं आवरेना तसा पदर घसरला आणि डावा गाल दिसला. कुणी आतून लिंबू ठेवावं तसा.

"गालाला काय झालंय गं?"

"काय न्हाय. घास मोठा घेतलाय."

"तुझं पान तर अजून कोरडं आहे."

"तू तुझा दात शोध जा," अक्का म्हणाली आणि सगळे पुन्हा हसले. तिथून ही सगळी कथा सुरू झाली. मला म्हणाल तर ती अजून संपलेली नाही.

धाराशिवला परत आल्यावर दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. कॅप बसवताना ते म्हणाले होते, "सर, आता आयुष्यभराची काळजी मिटली." कुणाच्या आयुष्याची, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. बहुतेक कॅपच्या असावी.

"पडलेली कॅप आणलीत का?" त्यांनी विचारलं. "आणली असती तर कदाचित तीच परत चिकटवून दिली असती."

"ती आता कोंबडीच्या पोटात आहे."

डॉक्टर हसले नाहीत. रोज वीस तोंडं बघणाऱ्या माणसाला हसू येत नसावं. "दुसरी करू. आणि सर, दर सहा महिन्यांनी क्लीनिंगला येत चला. शिवाय ती अक्कलदाढ, तीही काढून टाकू."

"तिचा काही त्रास आहे?"

"आत्ता नाही. पुढं होऊ शकतो."

त्या न्यायानं माझं डोकंच आधी काढायला हवं होतं. पुढं त्रास होईल अशी माझ्या अंगात तीच एक जागा आहे. पण जबडा उघडा असताना विनोद करता येत नाही. घरी आलो, खिंडारावरून जीभ फिरवत मोबाईल उघडला आणि दातांच्या उपचारांचा खरंच किती उपयोग होतो, याबद्दल संशोधन काय म्हणतं ते वाचायला बसलो.

त्या आधी मला वाटायचं की डॉक्टर करतात ते सगळं कुणीतरी, कधीतरी तपासलेलंच असणार. तसं नसतं. काही चिकाटीची माणसं जगभरचे प्रयोग गोळा करतात, त्यातले कच्चे बाजूला काढतात, उरलेले पारखतात आणि मग सांगतात की अमुक उपचाराचा पुरावा पक्का आहे, तमक्याचा नाही. वाचत गेलो तसा मी हबकलो. जिथं तिथं एकच वाक्य: पुरावा अपुरा आहे, खात्रीनं सांगता येत नाही. हिरड्या धड असलेल्या माणसानं दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेतले काय नि न घेतले काय, फारसा फरक सापडलेला नाही. त्रास न देणारी अक्कलदाढ काढावीच, असं ठामपणे म्हणता येत नाही. नुसत्या दाढदुखीवर आपण मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खातो, त्यानं ठणका कमी होत असल्याचा धड पुरावा नाही. पक्क्या गोष्टी अगदी थोड्या निघाल्या. फ्लोराईडची पेस्ट लावून रोज ब्रश केला तर कीड कमी लागते, ही पक्की. तंबाखू तोंडाची वाट लावते, ही पक्की. आणि दाढेच्या मुळाशी पू झाला तर तो वाट करून बाहेर काढावाच लागतो. एकतर दाढ कोरून साफ करायची, नाहीतर उपटायची. गोळ्यांवर भागत नाही.

शहाणपण पचायला वेळ लागतो; मला तो दम नव्हता. पुन्हा दवाखान्यात गेलो आणि नव्या कॅपचं माप देता देता डॉक्टरांना पुरावा मागितला. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "सर, पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही, असं नसतं. बऱ्याचदा कुणी नीट तपासलेलं नसतं, एवढंच. तुम्ही मोबाईलमध्ये बघता, आम्हाला तोंडात बघावं लागतं."

बोलणं बरोबर होतं. म्हणूनच फार झोंबलं. नवी कॅप बसवायला पुन्हा गेलोच नाही.

मग शिक्षकांच्या खोलीत, भाजीच्या गाड्यावर, शेजारच्यांच्या सत्यनारायणाला, जिथं कुणी गालावर हात ठेवला तिथं मी पुरावा घेऊन हजर. लोक मला बघून गालावरचा हात खाली घ्यायला लागले. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या मोबाईललाच एकदा दाढदुखी व्हायला पायजे. मग कळंल."

अशा तयारीनं मी अक्काकडं गेलो.

अक्का ओसरीवर बसून मिश्री लावत होती. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-दुपार बोटानं दातांना घासायची. आमच्या भागातल्या बायकांचा हा ब्रशही आणि हा चहाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात चाव्यांच्या आधी मिश्रीची डबी दिली होती. मी तिला उजेडाकडं तोंड करायला लावलं. वरची डावीकडची दाढ. दाढ कसली, काळी कपारच. हिरडीवर फोड.

"अक्का, ही काढावी लागणार. आत पू झालाय."

"काढायची न्हाय."

"काहून?"

"वरची दाढ डोळ्याला धरून आसती. शिरा येकच आसत्यात. दाढ काढली की डोळा जातोय."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? माझ्या सासूचं बघितलं की म्या. दाढा काढल्या न् म्हातारी आंधळी झाली."

"अगं, म्हातारी झाली म्हणून दाढाही गेल्या आणि डोळेही गेले. तिचे केसही पिकले असतील. मग दाढा काढल्यानं केस पिकले म्हणायचं का?"

अक्कानं दातांवरचं बोट काढलं, पदराला पुसलं. मला वाटलं, पटलं. मग ती म्हणाली, "तू लई बोलायलास. पर माझं सगळं काम डोळ्यावरचं हाय बाळा."

ते खरं होतं. अक्का गोधड्या शिवते. आमच्या घराण्यात जन्मलेलं एकही मूल अक्काच्या गोधडीशिवाय निजलेलं नाही. टाका असा बारीक की उलटीकडूनही सुलटा वाटावा. माझ्या लेकीला नुकतेच दिवस गेले होते, आणि अक्कानं जुनी लुगडी धुऊन, फाडून, घड्या घालून ठेवली होती. तिला दाढेची भीती नव्हतीच. तिला सुईची भीती होती.

"डोळ्याला काही होणार नाही. माझी ग्यारंटी," मी म्हणालो.

सगळ्या वाचनात ग्यारंटी हा शब्द मला एकदाही भेटला नव्हता. तिथं फार तर 'बहुधा' होतं, 'शक्यता' होती. पण बहिणीच्या ओसरीवर बसून 'बहुधा' म्हणायचं कसं? आयुष्यभराची काळजी मिटवणाऱ्या डॉक्टरांवर महिनाभर हसत होतो, आणि मी तर त्यांच्याही पुढं गेलो.

"बघू," अक्का म्हणाली. आमच्याकडं बघू म्हणजे नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर गाल उतरलेला. अक्का खुशीत. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि फडताळातून कागदाची पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"घे. सारखा पुरावा पुरावा करत आसतूस ना? ह्यो घे पुरावा."

पुडीत वाळलेले बारीक पांढरट काही कण होते. "काय हे?"

"किडं. माझ्या दाढंतलं."

आठवडी बाजारात एक बाई यायची. काटेरिंगणीचं वाळलेलं बी निखाऱ्यावर टाकायची, त्यावर मातीचं भोकाचं झाकण ठेवायची आणि त्या भोकातून येणारा धूर नळीनं दुखणाऱ्या दाढेला द्यायची. निखाऱ्याचं भांडं पाण्याच्या परातीत ठेवलेलं. थोड्या वेळानं पाण्यावर पांढरे किडे तरंगताना दिसायचे. आमच्या लहानपणीही हे चालायचं. आमची आईही असा धूर घेऊन आली होती.

"सोताच्या डोळ्यानं बघितलं म्या," अक्का म्हणाली. "परातीत वळवळत हुतं. तवापासनं ठणका न्हाय."

दाढेत किडा नसतो. कीड म्हणतात ती जंतूंनी केलेली झीज. झाकणाच्या भोकातून उडून परातीत पडतात ते तडकलेल्या बियांमधले पांढरे कोंब. आणि ठणका थांबला तो दाढेची नस मेल्यामुळं थांबला असणार. नस मेली की दुखणं गप्प बसतं आणि पू आत आपलं काम करत राहतो. हे सगळं मला ठाऊक होतं. नुसतं सांगून चाललं असतं, की पुडी घेऊन गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, ते मला आजही कळत नाही. मी प्रयोग करायचं ठरवलं.

बांधावर काटेरिंगणी हवी तेवढी. पिवळी फळं तोडून आणली, बी उन्हात वाळवलं. दाजींनी निखारे दिले. सूनबाईनं परात दिली. मातीचं झाकण नव्हतं म्हणून भोक पाडलेली करवंटी घेतली. ओसरीवर घरचे सगळे जमले, शेजारच्या दोघी-तिघीही आल्या. त्यातल्या एकीचीही दाढ दुखत होती. अक्का मधोमध बसली. मी बी निखाऱ्यावर टाकलं, करवंटी पालथी घातली आणि धूर द्यायला कुणाचीही दाढ न घेता, जिथं तोंड असायला हवं तिथं दाजींचा पाण्याचा तांब्या धरला.

बी तडतडलं. धूर निघाला. परातीत पांढरे कण पडले, पाण्यावर फिरले. वळवळल्यासारखेही दिसले.

"बघितलंस?" मी म्हणालो. माझा आवाज वर्गातला होता. "इथं कुणाची दाढ होती? सांग."

सगळ्यांनी तांब्याकडं बघितलं. मग दाजी म्हणाले, "म्हंजी तांब्याच्या दाढा किडल्या म्हणायच्या."

हसण्याचा जो स्फोट झाला, तो मी अजून कानात ऐकतो. सूनबाई तोंडात पदर कोंबून आत पळाली. शेजारणी एकमेकींना धरून हसल्या. मीही हसलो. वास्तुशांतीला माझ्यावर हसले होते त्याची फिट्टंफाट झाली, असंही मनात आलं असावं.

अक्का उठली. पुडीतले तिचे किडे तिनं निखाऱ्यावर झटकले. "मला बरं वाटलं हुतं," ती म्हणाली. "तेवढं बी तुला बघवंना, मास्तर."

तिनं मला मास्तर म्हटलं नव्हतं कधी. बाळा म्हणायची.

"अक्का, मी तुझ्याच भल्याचं सांगतोय. आतून पू वाढतोय. चल उद्या दातांच्या डॉक्टरकडं."

"कुणाच्या? तुझ्या? त्येचा दात तर आमटीत पडला."

"एका कॅपवरून काही ठरत नसतं गं. हजारो लोकांचं बघावं लागतं."

"मला कुठलं हजारो लोक दाखवायलास? माझ्याम्होरं तू एकटाच बसलायस. त्यो बी बोळका."

माझ्या मोबाईलमधले सगळे प्रयोग कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांवर झालेले. ब्रश करणारी, बोलावलं त्या तारखेला परत येणारी, विचारलं तर उत्तर देणारी माणसं. त्यांत मिश्री लावणारी, येरमाळ्याची एसटी हात करून थांबवणारी, दुखलं तरी घास मोठा घेतलाय म्हणणारी बाई कुठंच नव्हती. तिला कुणी मोजलंच नव्हतं. आणि तिच्यासाठी पुरावा म्हणून जे होतं, ते माझं खिंडार.

पावसाळा लागता लागता दाजींचा फोन आला. "पाव्हणं, लवकर या. तिचा डोळाच मिटलाय."

गाल डोळ्यापर्यंत चढला होता. डावा डोळा सुजेत पार बुडालेला. ताप. तोंड दोन बोटं उघडेना. तिला गाडीत घालून धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात आणलं. जीपमध्ये ती एकच वाक्य बोलली, तेही माझ्या बायकोला: "डॉक्टरला म्हणावं, दाढ तशीच राहू द्या. डोळा तेवढा वाचवा."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पू काढला, सलाईन लावलं, औषधं चालू केली आणि दाढ काढली. काम चोख होतं. उशीर झाला असता तर सूज कुठवर गेली असती, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी मान डोलावली. ते मी वाचलेलं होतं. हा एक उपचार असा की ज्याच्याबद्दल कुणाला शंका नाही. सूज उतरली. मिटलेला डोळा उघडला. अक्कानं सगळ्यात आधी काय केलं असेल तर उजव्या डोळ्यावर हात ठेवून डाव्यानं खिडकीबाहेर बघितलं. "लिंबाचं झाड दिसायलंय," ती म्हणाली.

"म्हणालो नव्हतो?" मी म्हणालो.

घरी जाताना तिनं मला पुन्हा बाळा म्हटलं. दाजींनी शेंगा पाठवल्या. मी शाळेत चार जणांना सांगितलं. अक्काच्या शेजारणीनं, तीच दाढ दुखणारी, निरोप धाडला की मलाही तिकडं न्या. ते दोन महिने माझे फार बरे गेले. पुरावा जिंकला होता, आणि त्याच्या बाजूला उभं राहून मीही.

दिवाळीला गेलो तर गोधडी निम्मी झालेली. अक्का सुई ओवत होती. दोरा सुईच्या बाजूनं जात होता, पुन्हा जात होता. सूनबाई पुढं झाली तर तिनं हात झटकला.

"डोळ्यावर जाळं आल्यावानी झालंय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "डाव्या."

मी तिला बळंच डोळ्यांच्या शिबिरात नेलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत होता, डाव्यात जास्त पिकलेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा वर्षानुवर्षं वाढत होता, दाढेशी काही संबंध नाही, ऑपरेशन केलं की दिसेल. अगदी मी सांगितलं असतं तेच, त्याच शब्दांत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा पुरावा तर असा पक्का, की दातांच्या अर्ध्या उपचारांनी त्याचा हेवा करावा.

"डॉक्टर डॉक्टरचीच बाजू घेणार," अक्का म्हणाली.

"अगं, मोतीबिंदू आधीपासून होता!"

"आधी दिसत हुतं. दाढ काढल्यावर दिसायचं गेलं. ह्यात काय खोटं हाय, सांग."

खोटं काहीच नव्हतं. आधी दिसत होतं, मग दाढ काढली, मग दिसेनासं झालं. क्रम बरोबर. डावी दाढ, डावा डोळा. वर्गात मी पोरांना शिकवतो की एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळं एक घडलं असं नव्हे. परीक्षेत पोरं ते लिहितात, मी त्याला गुण देतो, आणि बाहेर पडल्यावर आडवी मांजर गेली की सायकल थांबवतात.

"दाढ दावायला नेलंस, डोळा गेला. आता डोळा दावायला नेशील तर काय जाईल, त्येची ग्यारंटी देतूस?" तिनं विचारलं.

या वेळी मी खरं बोललो. म्हणालो, "ग्यारंटी नसते अक्का. पण बहुधा दिसेल."

"बहुधा," अक्का म्हणाली आणि मान हलवली. खोट्या ग्यारंटीवर ती दवाखान्यात आली नव्हती, आणि खऱ्या बहुधावर ती हलणार नव्हती. दाजींना मी मध्ये पडायला सांगितलं. ते म्हणाले, "पाव्हणं, तुमच्यात न् तिच्यात मी पडत न्हाय. मागल्या बारीला पडलो तर तांब्याला दाढा फुटल्या."

निघताना ओसरीसमोर शेजारीण भेटली. गालाला फडकं बांधलेलं. मी विचारलं, कधी जायचं दवाखान्यात? ती अक्काच्या डोळ्याकडं बघून म्हणाली, "नगं मास्तर. आमाला बी डोळं लागत्यात की." आता त्या गावात वरची दाढ कुणी काढायचं नाव घेत नाही. इतकी वर्षं त्यांच्यापाशी अक्काच्या सासूची ऐकीव गोष्ट होती. आता डोळ्यांदेखतचा पुरावा आहे, आणि तो मी स्वतः जीपमध्ये घालून, दवाखान्यात नेऊन, तयार करून दिलाय. बाजारातल्या त्या धुराच्या बाईकडं म्हणे आता रांग असते.

लेकीला मुलगी झाली. नात पाहायला अक्का आली नाही. भाच्याबरोबर निम्मी गोधडी तेवढी आली. सोबत निरोप होता, माझ्यासाठी नाही, माझ्या बायकोसाठी: फुडचं तू शिव, मला टाका दिसंना. बायकोनं गोधडी पसरली. निम्म्यापर्यंत अक्काचे टाके, मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ. मग थोडे तिरके. मग एका जागी तीन-चार वेळा उसवून घातलेले. पुढं नुसतं कापड.

दुपारी बायको ती घेऊन दारात उजेडाला बसली. मी समोर बसून बोलत होतो. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. दाढेचा आणि डोळ्याचा संबंध असल्याचं कुठंही आढळलेलं नाही. वय झालं की मोतीबिंदू होतोच. आपण तिला अजून एकदा समजावू. सासूचंही तसंच झालं असणार. बायको ऐकत होती की नव्हती कोण जाणे. तिनं सुई आणि दोरा माझ्यापुढं धरला.

"आधी एवढा दोरा ओवून द्या."

मी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाला धरली. दोरा बाजूनं गेला. पुन्हा धरली. पुन्हा गेला. चष्मा वर केला, खाली केला, सुई लांब धरली, जवळ धरली. बायकोनं थोडा वेळ बघितलं, मग माझ्या हातातून सुई काढून घेतली.

"तुमचं डोळं कशानं गेलं मग?" ती म्हणाली. "तुमचा तर एकच दात पडला. आन् त्यो बी खोटा."